माठाची जागा गांडुळांना द्या: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गांडूळखत

माझी पहिली गांडुळं एप्रिलातल्या एका रविवारी मेली. आम्ही सकाळीच एका लग्नाला चिंचवडला गेलो होतो, परत यायला संध्याकाळचे सहा वाजले. पश्चिमेच्या बाल्कनीतल्या काळ्या प्लास्टिकच्या टबाचं झाकण उघडलं, तर आत गांडुळं दिसेचनात. झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट, चिकट रेघा होत्या आणि सुक्या बोंबलाला मागे टाकेल असा वास. गांडुळाच्या अंगात हाड नाही, बहुतेक सगळं पाणीच. मेलं की उन्हाच्या दिवसात काही तासांत विरघळून जातं. त्या रेघा म्हणजे वर चढून बाहेर पडू पाहणारी गांडुळं होती.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ‘मुक्या जिवांना कशाला कोंडलंस’ ऐकावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, या बाल्कनीत आपण माठ तरी कधी ठेवला होता का?”

नव्हता. आमचा माठ उत्तरेच्या ड्राय बाल्कनीत असतो, जिथे ऊन येत नाही आणि वारा खेळता राहतो. गांडुळांबद्दल मी इंटरनेटवर जेवढं वाचलं होतं त्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाला आला. पुढच्या खेपेला नवी गांडुळं माठाशेजारी ठेवली. त्याला सहा वर्षं झाली, त्याच गोतावळ्याची पोरंबाळं अजून त्याच क्रेटमध्ये आहेत. या सहा वर्षांत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. आधी कचऱ्याचं वजन करा

गांडुळं आणायच्या आधी आठवडाभर स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज वजनकाट्यावर ठेवा. आम्ही चार माणसं. आमच्याकडे दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम निघायचा, आणि आंब्याच्या दिवसांत त्याच्या दुप्पट.

आता हिशोब बघा. सगळं मनासारखं असेल तर गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातं असं सांगतात. घरगुती क्रेटमध्ये मी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश धरते. म्हणजे अर्धा किलो गांडुळं दिवसाला १२५ ते १७० ग्रॅम संपवतील. थोडक्यात, एक क्रेट घरातला सगळा कचरा खाणार नाही. उरलेला नेहमीसारखा ओल्या कचऱ्याच्या डब्यात घालून सकाळी येणाऱ्या ताईंकडे द्यायचा, किंवा साध्या कंपोस्टच्या बादलीत टाकायचा. ‘आता आमच्या घरातून कचराच बाहेर जात नाही’ असं पहिल्याच महिन्यात सांगता यावं म्हणून जो सगळा कचरा गांडुळांवर लादतो, त्याची गांडुळं दुसरा महिना बघत नाहीत. नव्यांच्या हातून गांडुळं उपाशी राहून मरत नाहीत, अति खायला घातल्यानं मरतात.

२. जागा

जागेचा नियम शीर्षकातच सांगून टाकला आहे. दिवसभरात थेट ऊन नको, वारा हवा, नळ जवळ हवा, आणि जाता-येता नजर पडेल अशी जागा हवी. ड्राय बाल्कनी, जिन्याखालचा कोपरा, उत्तरेची बाल्कनी, तळमजल्यावर राहत असाल तर आंब्याच्या झाडाखाली. वॉशिंग मशीनला खेटून ठेवू नका. मशीनची थरथर गांडुळांना सोसत नाही, ती वर येऊन पळायला बघतात. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवणारे बरेच भेटतात. सावली आहे असं वाटतं, पण दुपारी पत्राच खाली आग ओकत असतो.

३. सामान

यासाठी हजारो रुपयांचे तयार संच मिळतात. मला त्यांची गरज पडली नाही. एवढं पुरतं:

- भाजीवाले वापरतात तसे जाळीचे प्लास्टिक क्रेट, दोन. साधारण दोन फूट लांब, फूटभर खोल. जुन्या बाजारात किंवा मंडईच्या आसपास वापरलेले मिळतात.
- क्रेटच्या आतून लावायला जुनी सुती साडी किंवा शेडनेटचा तुकडा.
- गोणपाट, दोन. तागाचंच हवं. खताच्या प्लास्टिकच्या गोणीला गोणपाट म्हणत नाहीत.
- क्रेट टेकवायला चार विटा, खाली निथळलेलं पाणी धरायला एक घमेलं किंवा परात.
- हातानं उकरायचं छोटं खुरपं, पाणी शिंपडायला झारी किंवा फवारा.
- कोकोपीटची, म्हणजे दाबलेल्या नारळाच्या भुशाची, ६५० ग्रॅमची एक वीट, जुनं शेण, वाळलेला पाला, पुठ्ठे आणि नारळाच्या शेंड्या.
- दोन झाकणाच्या बादल्या, बाजूनं भोकं पाडलेल्या. यांचं काम पुढे सांगते.

मातीची कुंडी किंवा रांजण वापरायचा असेल तर उत्तमच, तो माठासारखा पाझरून गार राहतो. फक्त तळाला भोक हवं आणि उचलायला घरात कोणीतरी धट्टाकट्टा हवा.

४. गादी घालणं

गांडुळं ज्यात राहतात त्याला आम्ही गादी म्हणतो. कचरा हे त्यांचं जेवण आणि गादी हे त्यांचं घर. ही दोन वेगळी आहेत हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात टाका. तासाभरात ती फुगून बादली भरत येते. ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा साध्या पाण्यात धुऊन पिळा. नारळाच्या भुशात क्षार असतात आणि गांडूळ कातडीनं श्वास घेतं, खारट ओल त्याला झोंबते. मी पहिल्यांदा न धुताच वापरलं होतं. गांडुळं दोन दिवस क्रेटच्या कडांना चिकटून बसली होती, खाली उतरायलाच तयार नव्हती.

शेण जुनं लागतं. ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. गोठ्यातून आणलं तर सावलीत पसरून, रोज थोडं पाणी मारून पंधरा-वीस दिवस तसंच ठेवा. आत हात घातला की गार लागलं पाहिजे. गोठेवाल्या काकांना एक प्रश्न जरूर विचारा: जनावरांना एवढ्यात जंताचं औषध दिलंय का? दिलं असेल तर ते शेण नको. शहरात गोठा शोधत कुठे फिरायचं, म्हणून मी हल्ली गोवऱ्या आणते. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. सहा-सात गोवऱ्या फोडून तीन दिवस भिजत घातल्या की गार, बिनवासाचं शेण तयार.

आता थर. तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी निथळतं. त्यावर कोकोपीट, भिजवलेलं शेण, हातानं फाडलेला पुठ्ठा आणि चुरलेला पाला एकत्र कालवून सहा इंच. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी काढा. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा कागद नको. शेवटी मूठभर बागेतली माती भुरभुरवा. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या पेषणीत मातीच्या कणांनी ते अन्न दळतं. वरून ओलं गोणपाट.

हे सगळं गांडुळं यायच्या आठ-दहा दिवस आधी करून ठेवा. गादीला तापायचं असेल तर तेवढ्यात तापून निवते.

५. गांडुळं आणणं, आणि इथे होणारी फसवणूक

पावसाळ्यात मोरीतून वर येतात ती, किंवा कुंडीत सापडतात ती गांडुळं चालणार नाहीत. ती माती खाणारी, खोल बिळं करणारी. कचऱ्याच्या क्रेटमध्ये ती टिकत नाहीत. आपल्याला लागतात पृष्ठभागाजवळ राहून कुजका पाला खाणारी. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती विकतात.

आयसेनिया फेटिडा: बोटभर लांब, लालसर, अंगावर फिकट पिवळे पट्टे. दुखावलं की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतं, त्यावरूनच त्याला ‘फेटिडा’ हे नाव पडलं. स्वभावानं सोशीक, खाण्यात फारशी कटकट नाही. याला १५ ते २५ अंश सगळ्यात मानवतं. ३५ च्या वर मरतं.

युड्रिलस युजेनी, म्हणजे आफ्रिकन: वीतभर होतं, उजेडात जांभळी झाक मारते, खायला राक्षस. उष्णता याला थोडी जास्त सोसते, थंडी कमी. पण सारखं उकरलं की चिडतं, पळून जाण्यातही पटाईत. एका पावसाळी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली यातली अकरा सापडली होती. त्या दिवसापासून सासूबाई या जातीला ‘ते तुझे आफ्रिकेचे पाहुणे’ म्हणतात. नवख्यानं आयसेनियापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

मिळतात कुठे? रोपवाटिकांमध्ये, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करता येते, बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांना फोन करून बघा, डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे विक्रेते भेटतात. सगळ्यात चांगला स्रोत म्हणजे ज्याच्याकडे वर्ष-दोन वर्षं गांडुळं टिकली आहेत असा ओळखीचा माणूस. त्याची गांडुळं पुण्याच्या हवेत तयार झालेली असतात, आणि कधी अडलं तर विचारायची सोय होते.

आता फसवणूक. विक्रेते ‘कल्चर’ म्हणून किलोवर विकतात, आणि त्या किलोत खतही आलं. मी एका रोपवाटिकेतून दोन किलोची पिशवी आणली, घरी कागदावर ओतून मोजली तर सदतीस गांडुळं निघाली. बाकी जवळजवळ दोन किलो खत, तेही ओलं करून वजन वाढवलेलं. म्हणून तिथेच घमेल्यात ओतायला सांगा. नुसत्या गांडुळांचं वजन किती, हे विचारा. नुसती गांडुळं अर्धा किलो म्हणजे आकारानुसार पाचशे ते हजार. तेवढ्यांवर क्रेट चालू होतो. दोनशे-अडीचशेवर सुरुवात केली तरी बिघडत नाही, तीन-चार महिने धीर धरावा लागतो एवढंच.

६. पहिली रात्र

गांडुळं संध्याकाळी सोडा. गादीवर पसरा, वर ओतू नका, पुरू नका. ती आपली आपण दहा-पंधरा मिनिटांत आत जातात. जी वरच पडून राहतात ती आधीच मेलेली किंवा मरायला टेकलेली. उचलून टाका.

पहिल्या दोन रात्री बाल्कनीतला दिवा चालू ठेवा. नव्या जागी गांडुळं भटकतात, पण उजेडात बाहेर पडत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू फरशीवर वाळलेल्या सुतळ्यांसारखं काहीतरी दाखवत म्हणाल्या, “हे तुमचं आहे का गं?”

पहिले आठ दिवस खायला काहीही देऊ नका. गादीतलं शेण पुरतं त्यांना. हे आठ दिवस फार जड जातात, मला माहीत आहे. झाकण उघडून बघायचं, बंद करायचं.

७. खायला काय आणि कसं

आधी त्या दोन बादल्यांचं काम. ताजा कचरा सरळ गांडुळांना देऊ नका. तो कुजताना तापतो, आणि गांडुळं खरं तर कचरा खात नाहीत, कचऱ्यावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी खातात. म्हणून भाजीचे देठ, साली बारीक चिरून पहिल्या बादलीत टाका, प्रत्येक थरावर तेवढाच वाळलेला पाला किंवा कोकोपीट. बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. आठ-दहा दिवसांनी पहिल्या बादलीतला माल मऊ पडून काळसर होतो, हाताला गार लागतो. हा क्रेटमध्ये द्यायचा. या एका सवयीनं माझे वास, चिलटं आणि तापणं हे तिन्ही त्रास जवळजवळ संपले.

चालतं: भाज्यांचे देठ आणि साली, फळांच्या साली, धुतलेला चहाचा चोथा, कॉफी, अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढलेली, पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे, कोथिंबिरीच्या काड्या, दुर्वा.

चालत नाही: मीठ-तेल लागलेलं काहीही. म्हणजे उरलेली आमटी, लोणचं, फोडणीचा भात, पापड. मासे-मटण, दूध-दही. लिंबाच्या आणि संत्र्या-मोसंबीच्या साली, मिरच्यांचे देठ, कांदा-लसणाची सालं ढीगभर आली तर. चार सालींनी काही होत नाही, पण लिंबाच्या लोणच्याच्या दिवशीचा ढीग नको.

डाळ-कडधान्य वेगळं सांगायला हवं. एकदा मोड आलेली मटकी नासली म्हणून पाव किलो क्रेटमध्ये ढकलली. तिसऱ्या दिवशी गांडुळांच्या अंगावर जागोजाग फुगवटे आले, माळेतल्या मण्यांसारखे, आणि मग ती तुटायला लागली. प्रथिनं जास्त झाली की गादी आंबते, गांडुळाच्या पोटातही तेच होतं, आणि तिथून मागे फिरता येत नाही. मटकी, हरभरा, पनीर, सोयाबीन यांतलं काहीही मुठीपेक्षा जास्त नको.

निर्माल्याचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. झेंडू, दुर्वा, बेल, तुळस चालतात. पण हारातला दोरा, तार, जरीची पट्टी आणि थर्माकोल काढायचा, आणि बाजारातली फुलं फवारलेली असतात म्हणून आठवडाभर सावलीत वाळवून बादलीतूनच द्यायची. गणपतीत दहा दिवसांचं निर्माल्य एकदम घातलं तर क्रेट तापणारच.

देताना क्रेटच्या एका कोपऱ्यात खळगा करा, दोन मुठी माल घाला, गादीनं झाका. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. पहिला कोपरा उकरून बघा: आधीचं निम्मं-अधिक संपलेलं नसेल तर आज उपास. आठवड्यातून दोनदा एवढंच मी बघते. प्रत्येक वेळी खाण्याइतकाच फाडलेला पुठ्ठा किंवा पाला टाकायला विसरू नका.

८. ओल

मूठभर गादी घ्या आणि घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब दिसले पाहिजेत. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर गोळा फुटून भुगा झाला तर कमी. झालं. याला यंत्र लागत नाही.

जास्त झाली तर फाडलेला कोरडा पुठ्ठा खाली-वर मिसळा आणि वरचं गोणपाट दिवसभर काढून ठेवा. कमी झाली तर थोडं थोडं शिंपडा. भांडंभर ओतलं की ते मधूनच वाट काढून खाली घमेल्यात जातं, आणि गादी कोरडी ती कोरडीच.

९. पुण्याचं हवामान

मुंबईच्या मैत्रिणीला जे जमत नाही ते आपल्याला जमतं, आणि त्याचं कारण पुन्हा माठ. मार्च ते मे आपल्याकडे दुपारी हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत ओलं गोणपाट झपाट्यानं वाळतं. वाळताना ते खालची उष्णता ओढून नेतं. माठाचं पाणी याच रीतीनं गार होतं. मुंबईच्या दमट हवेत ते इतकं साधत नाही. मागच्या एप्रिलात बाहेर ३९ अंश होते तेव्हा मी मत्स्यालयाचा थर्मामीटर गादीत खुपसून बघितला: २९. क्रेट जाळीचा, गोणपाट ओलं, वारा खेळता, एवढ्यावर दहा अंशांचा फरक.

म्हणून उन्हाळ्याचा दिनक्रम असा: सकाळी सातला आणि दुपारी एकच्या सुमाराला गोणपाट भिजवून पिळून घालायचं. क्रेटच्या चारही बाजूंना दुसरं ओलं गोणपाट गुंडाळायचं. पंखा किंवा वारा अडवायचा नाही. खाणं निम्म्यावर आणायचं, कारण कुजणारं अन्न आतून तापवतं. घरात दुपारी कोणी नसेल तर पाणी भरून गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली सकाळी गादीच्या एका टोकाला ठेवून जायची. गांडुळं स्वतःच तिच्याकडे सरकतात किंवा लांब जातात. आंब्याच्या साली या दिवसांत फक्त बादलीत, भरपूर पाल्यात. कोयी नकोतच, वर्षभर तशाच राहतात.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर खाण्याची काळजी सोडा. ओल टिकली तर गांडुळं तीन आठवडे गादीवरच काढतात. जाताना भिजवलेल्या पुठ्ठ्याचा जाड थर टाका आणि गोणपाट ओलं करायचं काम कोणाला तरी सांगा. आमचे वॉचमनकाका करतात. परत आल्यावर त्यांना मोगऱ्यासाठी पिशवीभर खत द्यायचं, असा ठराव आहे.

पावसाळ्यात सगळं उलट. हवाच ओली, गोणपाट वाळत नाही, गादी चिखल होते. पाणी जवळजवळ बंद, पुठ्ठा दुप्पट, क्रेट ओसरीत किंवा सज्ज्याखाली. झडीच्या रात्री पुन्हा दिवा लावा, याच दिवसांत गांडुळं निघून जातात. थंडीत त्रास कमी. पारा आठ-दहावर गेला की ती मंदावतात, खाणं कमी करा, एखादं कोरडं गोणपाट जास्तीचं घाला.

१०. काहीतरी बिघडलंय हे कसं ओळखायचं

रोज नाकानं तपासा. चांगल्या गादीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आंबूस किंवा सडका वास आला तर खाणं थांबवा, न खाल्लेलं काढून टाका, खुरप्यानं हलक्या हातानं वरची गादी सैल करा, पुठ्ठा मिसळा, टरफलांची पूड भुरभुरवा. आठ दिवस काही देऊ नका.

मुंग्या आल्या म्हणजे गादी कोरडी पडली. पाणी वाढवा आणि विटांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवा. मुंग्यांची पावडर किंवा खडू क्रेटच्या जवळपासही नको. लाल मुंग्या आणि गोम यांना मात्र दया दाखवू नका, दोन्ही गांडुळं खातात. चिमट्यानं काढा.

चिलटं म्हणजे अन्न उघडं राहिलंय. नीट झाका.

पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले तर घाबरू नका, ती गांडुळाची पिल्लंही असू शकतात. ओळखायची खूण: पिल्लू उजेडात धरलं की अर्धपारदर्शक, आत लालसर रेघ दिसते. दुधासारखं पांढरंशुभ्र असेल तर तो दुसरा किडा, गादी आंबल्याचं लक्षण. नुकसान तो करत नाही.

जाड, करड्या, खवल्या-खवल्यांच्या अळ्या पावसाळ्यात हमखास येतात. ही सोल्जर माशीची पोरं. गांडुळांना खात नाहीत, पण त्यांचं जेवण फस्त करतात आणि क्रेट तापवतात. दिसतील तेवढ्या काढून साध्या कंपोस्टमध्ये टाका, तिथे त्या सोनं आहेत.

आणि एक आनंदाची खूण. गादी उकरताना काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे, पिवळसर, लिंबाच्या आकाराचे दाणे दिसले तर ते गांडुळांचे कोष. एकेकातून दोन-तीन पिल्लं, तीनेक आठवड्यांत. पहिला कोष मला सासूबाईंनी दाखवला. त्या तो मोहरी सांडली म्हणून वेचत होत्या.

११. खत काढणं

अडीच-तीन महिन्यांनी गादी काळी, भुसभुशीत, चहापत्तीसारखी दाणेदार होते, पुठ्ठा ओळखू येत नाही. मग चार दिवस पाणी आणि खाणं दोन्ही बंद. एका सकाळी जुन्या चादरीवर सगळं काढून नारळाएवढे ढीग करा, उजेडात पण उन्हात नाही. उजेड नको म्हणून गांडुळं खाली जातात. पंधरा मिनिटांनी प्रत्येक ढिगाचं टोक आणि कडा काढून घ्या, पुन्हा थांबा. चार-पाच वेळा केलं की तळाशी नुसत्या गांडुळांचा गुंता उरतो. तो दुसऱ्या क्रेटमधल्या नव्या गादीवर.

एवढा वेळ नसेल तर दुसरी युक्ती: दुसऱ्या क्रेटला साडी लावू नका, जाळीदार बुडाचाच नव्या गादीनं भरून जुन्या गादीवर टेकवा. खाणं फक्त वरच्यात द्या. महिनाभरात बहुतेक गांडुळं जाळीतून वर चढतात.

काढलेलं खत सावलीत दोन दिवस पसरा, चाळा, आणि कापडी किंवा तागाच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या बंद डब्यात घुसमटतं. पूर्ण खडखडीत वाळवलं तर त्यातले जिवाणू आणि राहिलेले कोष मरतात. चाळणीवर उरलेलं जाडंभरडं नव्या गादीत टाका.

वापर सोपा: दहा-बारा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी, माती उकरून आत. वर पसरून ठेवलं तर उन्हात वाळून फुकट जातं. नवी कुंडी भरताना पाचात एक भाग पुरे.

घमेल्यात जमलेलं काळं पाणी म्हणजेच वर्मीवॉश (झाडांना द्यायचा गांडूळखताचा अर्क), हा एक फार पसरलेला गैरसमज आहे. ते गादीतून निथळलेलं पाणी, त्यात अर्धवट कुजलेलं काहीही असतं. वर्मीवॉश मुद्दाम काढतात, तयार गादीतून थेंबथेंब पाणी सोडून. घमेल्यातलं पाणी वाया घालवायचं नसेल तर दहापट पाणी मिसळून मोठ्या झाडांना घाला, खायच्या पालेभाजीवर नको.

१२. सोसायटी आणि मिळकतकर

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत बिल्डरनं पार्किंगच्या कडेला गांडूळखताचे खड्डे बांधून दिलेले असतात, आणि त्यात बहुतेक ठिकाणी फुटक्या कुंड्या आणि एखादी जुनी सायकल असते. ते चालू करायचे मनात असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते: सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत यांपैकी एक चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. चालू मिळकतकराचं बिल, सोसायटीचा ठराव, खड्ड्यांचे फोटो जवळ ठेवा आणि नेमका अर्ज कोणता ते क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. पाहणी होते आणि खड्डा बंद आढळला तर सवलत जाते, म्हणून आधी खड्डा चालवा, मग अर्ज करा.

सोसायटीत सुरू करताना सगळ्यांचा कचरा एकदम घेऊ नका. आम्ही चार घरांपासून सुरुवात केली. पाचव्या घरानं पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीसकट बिर्याणी दिली.

१३. कोणाला गांडुळं देताना

वर्षभरात तुमच्याकडे मागणारे येतील. श्रीखंडाच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला सुईनं भोकं पाडा, निम्मा डबा जुन्या खतानं भरा, त्यात शे-दीडशे गांडुळं आणि दिसतील तेवढे कोष घाला, वर ओल्या वर्तमानपत्राची घडी. नुसती गांडुळं देऊ नका, त्यांची सवयीची गादी बरोबर गेली तरच नव्या घरी रुजतात. आणि घेणाऱ्याला बजावून सांगा, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवू नको, हातात धर किंवा पायाशी ठेव. माझ्या नणंदेनं मे महिन्यात तो डिकीत ठेवला आणि जाता जाता तुळशीबागेत अर्धा तास थांबली. दुसऱ्या आठवड्यात तिला पुन्हा डबा भरून दिला.